शमी, घाफ आणि झाडात लपलेला अग्नी

दसऱ्याच्या दिवशी ज्या झाडाच्या पूजेसाठी गावाची शीव ओलांडून जायचे असे आपल्या धर्मग्रंथांनी सांगितले, ते झाड शमीचे. आणि संयुक्त अरब अमिरातीने २००८ साली ज्याला आपला राष्ट्रीय वृक्ष म्हणून जाहीर केले, ते झाड घाफचे. ही दोन झाडे एका कुळातली आहेत, किंवा दिसायला सारखी आहेत, असे मला म्हणायचे नाही. ते एकच झाड आहे. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव प्रोसोपिस सिनेररिया. अरबस्तानच्या वाळूपासून इराण, सिंध, राजस्थान, गुजरात करीत ते थेट दख्खनच्या आणि तामिळनाडूच्या कोरड्या भागापर्यंत पोहोचले आहे. राजस्थानात त्याला खेजडी म्हणतात, पंजाबात जंड, सिंधमध्ये कंडी, कर्नाटकात बन्नी, तेलंगणात जम्मी. म्हणजे आपण मुंबई-पुण्याहून विमानाने तीन तासांत जे अंतर तोडतो, ते या झाडाने हजारो वर्षांपूर्वीच तोडून ठेवले आहे.

तरीही आपल्यापैकी किती जणांनी घाफकडे शमी म्हणून पाहिले असेल? रस्त्याच्या दुभाजकावर, वस्तीबाहेरच्या वाळूत, मुश्रीफ पार्कमध्ये सहलीला गेल्यावर सतरंजी अंथरायला सावली शोधताना हे झाड आपल्याला भेटत असते. वर छत्रीसारखा पसारा, खाली मात्र कात्रीने कापल्यासारखी सरळ कड. उंटाची मान जिथवर पोहोचते तिथवरचा पाला उंट खाऊन टाकतो, म्हणून ही कड. बारीक बारीक पाने, आखूड काटे, उन्हाळा तोंडावर आला की फिकट पिवळ्या तुऱ्यांसारखी फुले, नंतर लोंबत्या शेंगा. एरवी सगळे करपून जाते तेव्हाही हे हिरवे राहते, कारण त्याचे मूळ तीस मीटर आणि त्याहूनही खोल जाऊन पाणी शोधते.

आता कोणी विचारील की दसऱ्याला आपण तर आपट्याची पाने वाटतो, शमी यात आली कुठून? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच एका स्थलांतरित घराण्याने देऊन ठेवले आहे. पैठणचे भट्ट घराणे काशीला जाऊन स्थायिक झाले. त्या घराण्यातल्या कमलाकर भट्टांनी १६१२ साली 'निर्णयसिंधु' हा ग्रंथ लिहिला. विजयादशमीला अपराजिता देवीची पूजा, सीमोल्लंघन आणि शमीपूजन ही कृत्ये सांगताना, शमी मिळत नसेल तर अश्मंतकाची पूजा करावी, अशी सोय ते देतात. अश्मंतक म्हणजेच आपटा. पुढे पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांच्या 'धर्मसिंधु'तही हाच धागा आहे, आणि महामहोपाध्याय काण्यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या सर्वाचा साक्षेपाने परामर्श घेतला आहे. थोडक्यात, आपटा हा मूळचा बदली कामगार. मुख्य माणूस रजेवर, म्हणून याला उभे केले, आणि महाराष्ट्रात तो इतका रुळला की कायमच झाला.

हे का झाले असावे याचा अंदाज भूगोलावरून करता येतो. शमी हे कमी पावसाचे झाड. कोकणात आणि घाटमाथ्यावर, जिथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो, तिथे ते आपणहून वाढत नाही. आपटा मात्र सह्याद्रीच्या पानझडी रानात मुबलक. विधी राजस्थानसारख्या कोरड्या मुलखात घडला, माणसे ओल्या मुलखात आली, आणि झाडाला पर्याय शोधावा लागला. कर्नाटकात आणि तेलंगणात, जिथे शमी सापडते, तिथे आजही तिचीच पाने 'सोने' म्हणून देतात. म्हैसूरच्या दसऱ्याची हत्तीवरून निघणारी मिरवणूक जिथे संपते ती जागाच बन्नीमंटप. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्याच्या बाजूला आपट्याबरोबर शमीची पाने हातात पडतात ती याच शेजारामुळे. रघुराजा, कौत्स आणि चौदा कोटी सुवर्णमुद्रांची गोष्टही कुठे आपट्याच्या झाडाखाली घडते, तर कुठे शमीच्या. कालिदासाच्या 'रघुवंशा'त सोन्याचा पाऊस राजाच्या कोषागारात पडतो. झाड लोकांनी आपल्या सोयीने घातले. लोकांचीच सोय मला अधिक आवडते.

पण शमीचे खरे माहात्म्य सोन्यात नाही, अग्नीत आहे. वैदिक काळी यज्ञाचा अग्नी लाकडावर लाकूड घुसळून काढीत. त्यासाठीच्या अरणी कशाच्या असाव्यात? तर शमीच्या झाडावर उगवलेल्या पिंपळाच्या. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडते आणि तिथेच रुजते, हे आपण भिंतीच्या फटीतही पाहतो. तसा शमीवर रुजलेला पिंपळ म्हणजे 'शमीगर्भ'. अथर्ववेदात शमीवर चढलेल्या पिंपळाचा उल्लेख पुत्रप्राप्तीच्या संदर्भात येतो. शमी ही स्त्री, पिंपळ हा पुरुष, आणि अग्नी हे त्यांचे अपत्य, अशी ही कल्पना आहे.

याची कथा शतपथ ब्राह्मणात आहे आणि ती मोठी हृद्य आहे. उर्वशी सोडून गेल्यावर पुरूरवा वेडापिसा झाला. गंधर्वांनी त्याला एका थाळीत अग्नी दिला: याने यजन कर, म्हणजे तू आमच्यातला होशील. पुरूरव्याने तो अग्नी रानातच ठेवला आणि मुलाला घेऊन तो गावात गेला. परत येऊन पाहतो तो अग्नी नाहीसा झालेला. जो अग्नी होता त्याचा पिंपळ झाला होता आणि जी थाळी होती तिची शमी. मग गंधर्वांनीच त्याला त्या झाडांच्या लाकडातून अग्नी पुन्हा कसा मिळवायचा हे शिकवले.

या ठिकाणी मला पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाची एक गोष्ट आठवते. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या डोंगरांत राहणाऱ्या चेरोकी लोकांची. जेम्स मूनी नावाच्या अभ्यासकाने १८८७ ते १८९० या काळात उत्तर कॅरोलायनातल्या चेरोकींमध्ये राहून त्यांच्या कथा टिपून घेतल्या आणि १९०० साली प्रसिद्ध केल्या. त्यातली ही एक. आरंभी जग थंड होते. मेघगर्जना करणाऱ्या देवांनी वीज पाडून एका बेटावरच्या सिकॅमोरच्या पोकळ बुंध्यात अग्नी ठेवला. धूर दिसत होता, पण पाणी ओलांडून तो आणायचा कोणी? कावळ्याच्या जातीचा मोठा डोमकावळा गेला, तो होरपळून काळा झाला. घुबडे गेली, त्यांच्या डोळ्यांभोवती राखेची पांढरी कडी उमटली. साप गेला, तोही काळा होऊन परतला. शेवटी पाण्यावर चालणारी एक कोळीण पुढे आली. तिने आपल्या धाग्याची एक वाटी विणली, ती पाठीवर बांधली आणि तीत एक निखारा ठेवून ती परत आली.

थाळी आणि वाटी. शमी आणि सिकॅमोर. चेरोकींचा आणि आपला काही पुरातन संबंध असला पाहिजे असे सिद्ध करायला आपल्याकडचे काही उत्साही लोक अशा वेळी सरसावतात. त्यांना मी हात जोडतो. लाकडावर लाकूड घासले की आग निघते हे ज्यांनी ज्यांनी पाहिले, त्या सर्वांना पडलेला प्रश्न एकच होता: ही आग आधी होती कुठे? 'झाडात लपून बसली होती' हे उत्तर कोणालाही सुचावे इतके साधे आहे. साम्यापेक्षा फरक अधिक बोलका वाटतो. आपल्या कथेत अग्नी मिळवणारा राजा आहे आणि त्याला देवांच्या पंक्तीला बसायचे आहे. चेरोकींच्या कथेत मोठे मोठे पशुपक्षी हरतात आणि एक क्षुद्र कोळीण सर्वांसाठी ऊब आणते.

झाडांकडे पाहण्याची चेरोकींची आणखी एक कथा सांगण्यासारखी आहे. सर्व प्राण्यांना आणि झाडांना सात रात्री जागे राहायला सांगितले होते. बहुतेकांना झोप लागली. देवदार, पाइन, स्प्रूस, हॉली आणि लॉरेल ही झाडे शेवटपर्यंत जागी राहिली, म्हणून त्यांची पाने हिवाळ्यातही गळत नाहीत आणि औषधाला तीच उत्तम. सात हा आकडा त्यांच्याकडे पवित्र, कुळेही सात. कोजागरीला 'को जागर्ति' म्हणत जागणाऱ्या आपल्या मंडळींना हे चटकन कळावे.

याच चेरोकींना १८३८-३९ साली अमेरिकन सरकारने त्यांच्या डोंगरांतून हुसकावून आजच्या ओक्लाहोमात नेले. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजारांच्या आसपास माणसे या फरफटीत मेली, असे सामान्यतः मानले जाते. जाताना त्यांनी आपल्या पवित्र अग्नीचे निखारे बरोबर नेले, असे त्यांची परंपरा सांगते. १९८४ साली, ताटातुटीनंतर सुमारे दीडशे वर्षांनी, टेनेसीतल्या रेड क्ले येथे पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चेरोकींची संयुक्त सभा भरली आणि तिथे ज्योत पेटवण्यात आली. आपण इथे पोटासाठी, खुशीने आलो. त्यांच्याशी आपली तुलना करणे हा त्यांच्या दुःखाचा अपमान होईल. पण अग्नी नेता येतो, झाड नेता येत नाही, ही अडचण घर सोडणाऱ्या सर्वांचीच.

पुन्हा शमीकडे वळू. महाभारताच्या विराटपर्वात पांडव अज्ञातवासाला निघतात तेव्हा शस्त्रे कुठे ठेवावीत हा प्रश्न येतो. नगराबाहेर स्मशानाजवळ शमीचे एक प्रचंड झाड असते. नकुल वर चढून शस्त्रे बांधतो, आणि कोणी जवळ येऊ नये म्हणून शेजारी एक प्रेत टांगतात. गुराख्यांना सांगतात की ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई, आमच्या कुळाचा रिवाजच असा आहे. वर्षाअखेर अर्जुन उत्तराला त्याच झाडावर चढायला लावतो आणि गांडीव पुन्हा हाती येते. अग्नी लपवणारे झाड इथे शस्त्रे लपवते. विराटनगरी म्हणजे आपली वाई, असे वाईकर अभिमानाने सांगतात. विद्वान मात्र ती जयपूरजवळच्या बैराटला नेतात. नुसत्या झाडाचा पुरावा पाहिला तर पारडे बैराटकडे झुकते, कारण तो खेजडीचाच मुलूख. वाईकर वाचकांनी राग मानू नये. पावसाळा संपला, नद्यांना उतार पडला की मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला मुलूखगिरीसाठी बाहेर पडत, तेव्हा शस्त्रपूजेमागे हीच स्मृती असे.

गणपतीच्या एकवीस पत्रींत शमी आहे हे घरोघर ठाऊक आहे. गणेशपुराणात शमी ही और्व ऋषींची मुलगी आणि मंदार हा तिचा पती. सोंड फुटलेल्या भ्रुशुंडी ऋषींना पाहून ही दोघे हसली, म्हणून शापाने झाडे झाली, आणि मग गणपतीने त्यांना आपल्या पूजेत कायमचे स्थान दिले. नवविवाहित जोडप्याला हसण्याची इतकी मोठी शिक्षा व्हावी हे मला तरी फार वाटते.

परंतु या झाडासाठी खरोखर रक्त सांडले ते पुराणात नव्हे, इतिहासात. बिश्नोई पंथ गुरू जांभोजींनी १४८५ साली स्थापन केला. त्याचे एकोणतीस नियम. त्यांत हिरवे झाड तोडू नये हा एक. १७३० साली जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांच्या नव्या बांधकामासाठी चुन्याच्या भट्ट्या पेटवायच्या होत्या आणि लाकूड हवे होते. दरबारची माणसे खेजडली गावात आली. अमृतादेवी नावाची बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि मारली गेली. तिच्या मुलीही गेल्या. मग गावोगावचे बिश्नोई येत गेले आणि झाडांना बिलगून मरत गेले. एकूण ३६३. बातमी कळल्यावर महाराजांनी तोड थांबवली. दरवर्षी भाद्रपद शुद्ध दशमीला तिथे मेळा भरतो. या लोकांना खेजडी इतकी प्रिय का, याचे उत्तर केवळ श्रद्धेत नाही. तिच्याखाली बाजरी चांगली येते, पाला जनावरांना होतो, शेंगांची 'सांगरी' भाजीला लागते, आणि १८६८-६९ च्या दुष्काळात राजपुतान्यातली माणसे तिच्या सालीचे पीठ करून खाऊन जगली. देव मानण्याइतके तिने केलेले होते. याच बिश्नोईंना अलीकडच्या वर्षांत बिकानेरच्या बाजूला सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी होणाऱ्या खेजडीच्या तोडीविरुद्ध पुन्हा आंदोलने करावी लागली आहेत. या वेळी विरोध चुन्याच्या भट्टीला नाही, स्वच्छ विजेला आहे, म्हणून न्याय करणे अधिक अवघड.

आता इथल्या वाळूत या. बदूंच्या जीवनात घाफचे स्थान जवळजवळ असेच होते. उंटांना चारा, माणसांना सावली, चुलीला सरपण, आणि अडीअडचणीला कोवळा पाला माणसांच्याही पोटात. टोळीतले तंटे, सल्लामसलत, पाहुण्यांचे स्वागत हे घाफखाली बसून होई. म्हणूनच २०१९ हे वर्ष या देशाने सहिष्णुतेचे वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा बोधचिन्ह म्हणून घाफच निवडला. विल्फ्रेड थेसिगर हा इंग्रज प्रवासी १९४८ साली रब-अल-खालीचे वाळवंट ओलांडून अल ऐनजवळच्या मुवैजी किल्ल्यापाशी पोहोचला तेव्हा शेख झायेद काही माणसांसह किल्ल्यासमोर एका काटेरी झाडाखाली बसले होते, असे त्याने आपल्या 'अरेबियन सँड्स' या पुस्तकात लिहिले आहे. झाडाची जात तो सांगत नाही. आपल्या गावच्या पिंपळपाराची आठवण मात्र करून देतो.

इस्लाममध्ये झाडाची पूजा नाही, आणि घाफची पूजा इथे कोणी करीत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण आदर आणि पूजा यांच्यामध्ये पुष्कळ जागा असते. इथल्या सिद्र वृक्षाचेच पाहा. तो आपल्या बोरीचा सख्खा भाऊ. कुराणात सातव्या आकाशापलीकडच्या सीमेवरच्या सिद्र वृक्षाचा उल्लेख आहे, आणि मृताला अखेरचे स्नान घालताना सिद्राची पाने पाण्यात घालतात. आपण संक्रांतीला तान्ह्या बाळाला बोरन्हाण घालतो. एकीकडे आयुष्याची सुरुवात, एकीकडे शेवट. दोन्हीकडे स्नान आणि बोर.

घाफ मात्र आज संकटात आहे, आणि हे आपल्याला ठाऊक असणे आवश्यक आहे. त्याची तोड इथे कायद्याने बंद आहे. पण शेतीसाठीच्या विहिरींनी भूजल खाली गेले की मुळे कितीही खोल असली तरी उपयोग होत नाही. रोप वर आले की उंट-शेळ्या ते फस्त करतात. भरीला एक तोतया आहे: अमेरिकेतून आलेला प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. इथले लोक त्याला गुवैफ, म्हणजे छोटा घाफ, म्हणतात. आपल्याकडची वेडी बाभूळ ती हीच. दोन्ही देशांत ती हिरवळीसाठी हौसेने लावली आणि दोन्ही देशांत ती मोकाट सुटली.

गेल्या दसऱ्याला मंडळाच्या कार्यक्रमात सोनेरी कागदाची पाने वाटली. एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने मला विचारले, "काका, हे कुठल्या झाडाचं पान आहे?" मी आपटा सांगितला. "मग ते झाड कुठे आहे?" भारतात, म्हणालो. "इथे नाही?" या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा एवढा प्रपंच. आपटा इथे शोधावा लागेल. ज्याच्या नावाने तो उभा राहिला ते झाड मात्र तिच्या शाळेच्या वाटेवर असण्याचा संभव आहे. जबल अलीचे नवे मंदिर २०२२ च्या ऑक्टोबरात ऐन दसऱ्याला सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा दर्शनाच्या रांगेतल्या कितीतरी जणांनी घरून येताना वाटेत दोन-चार शमी मागे टाकल्या असतील. बर दुबईत पिढ्यानपिढ्या व्यापार केलेल्या सिंधमधल्या ठठ्ठ्याच्या भाटियांना हे झाड नवे वाटले नसणार. ते तिला कंडी म्हणूनच ओळखत असतील.

एक भीती हा लेख लिहितानाच वाटत होती, ती बोलून टाकतो. महाराष्ट्रात दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्याच्या फांद्यांचे भारे बाजारात येतात आणि संध्याकाळी रस्त्यावर पानांचा खच पडतो. हे वाचून कोणी घाफची डहाळी मोडायला निघाला, तर कायद्याचा भंग होईलच, शिवाय तीही तशीच पायदळी जाईल. त्याची गरजच नाही. शमीपूजनाचा जो विधी सांगितला आहे त्यात गावाच्या ईशान्येला जाऊन झाडाची पूजा करावी आणि त्याच्या मुळाशी असलेली थोडी माती अक्षतांसह घरी आणावी, असे आहे. पाने ओरबाडावीत असे त्यात नाही. मुलांना घेऊन एखाद्या संध्याकाळी मुश्रीफ पार्कला जावे, झाडाखाली बसून त्यांना पुरूरव्याची थाळी आणि कोळिणीची वाटी सांगावी, नमस्कार करावा, आणि तिथले सगळे तिथेच ठेवून परत यावे.

ज्यांना गच्चीत किंवा बंगल्याच्या अंगणात रोप लावायचे असेल त्यांनी इथल्या रोपवाटिकेत घाफ मागावा. सुट्टीत गेल्यावर पुण्या-मुंबईहून 'शमी' म्हणून रोप आणण्याच्या फंदात पडू नये. रोपे नेण्या-आणण्याचे नियम कडक आहेत, आणि तिथल्या नर्सरीत शमीच्या नावाखाली पुष्कळदा सिगमकाठीचे रोप देतात. ओळखायची खूण सोपी आहे. सिगमकाठीचे फूल दुरंगी असते, अर्धे गुलाबी, अर्धे पिवळे, आणि दिसायला फारच सुंदर. खऱ्या शमीचे फूल नुसते फिकट पिवळे.